कापलेल्या नळीची वंशावळ: बदल केलेल्या जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरचा माग कसा काढायचा

बारा वर्षांपूर्वी ओहायोतल्या एका गन शोमध्ये मी पहिलं जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. स्मिथ अँड वेसन, दोन इंची नळी, वर निकेलचा मुलामा. विकणारा म्हणाला, कारखान्यातून असंच आलेलं आहे, साध्या वेशातल्या पोलिसांसाठी बनवलेलं. घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या पंच्यावर ठेवलं, दिवा तिरका केला आणि दहा मिनिटांत लक्षात आलं, की सिलिंडरमधून पुढे येणाऱ्या दांडीचं टोक हवेत लोंबतंय. ते टोक धरून ठेवायला नळीखाली जो छोटा उंचवटा असायला हवा, तो नव्हताच. नळी कापणाऱ्याने तोही नळीबरोबर कापून टाकला होता.

त्या रात्री फार वाईट वाटलं. आज तेच माझ्या संग्रहातलं सगळ्यात बोलकं रिव्हॉल्व्हर आहे. संग्राहक मंडळी अशा वस्तूला ‘बिघडवलेला माल’ म्हणून बाजूला सारतात, ते मला पटत नाही. जसंच्या तसं राहिलेलं रिव्हॉल्व्हर फक्त कारखान्याची गोष्ट सांगतं. बदललेलं रिव्हॉल्व्हर कारखान्यानंतरच्या माणसांची गोष्ट सांगतं, आणि ती माणसं कुठल्याच पुस्तकात नसतात. मात्र ती गोष्ट उलटीकडून वाचावी लागते. शेवटचा हात आधी ओळखायचा, मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा.

हे हात साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला सरकारी हात. लष्कराच्या कारखान्यात दुरुस्ती किंवा बदल झाला की त्याची नोंद धातूवर ठोकली जाते. दुसरा व्यापाऱ्याचा हात. लष्करातून बाद झालेला माल घेऊन, कापून, घासून बाजारात विकणारा हा माणूस. ब्रिटनमध्ये त्याला प्रूफ हाउसकडून, म्हणजे हत्यारांची चाचणी करून ठसा मारणाऱ्या संस्थेकडून, हत्यार तपासून घ्यावंच लागायचं, म्हणून त्याच्या मागे ठसे राहतात. तिसरा हात गावातल्या मिस्त्रीचा किंवा मालकाचा स्वतःचा. हा काही ठोकत नाही, पण त्याची कानस बोलते. समोरचा बदल या तिघांपैकी कुणाचा, एवढं ठरवता आलं तरी निम्मं काम झालं.

हात लावण्याआधी

सिलिंडर उघडा, सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा, मग पुन्हा एकदा पाहा. हा सगळा अभ्यास रिकाम्या हत्याराचा आहे. बदल केलेलं जुनं रिव्हॉल्व्हर ‘चालतं का बघू’ म्हणून कधीही झाडू नका. त्याचं कारण पुढे काडतुसाच्या भागात येईल.

दुसरं, काहीही घासू नका. स्टील वूल नको, पितळेचं पॉलिश नको. गंज आणि मळ यांच्याखाली ठशाच्या ज्या तीक्ष्ण कडा दडलेल्या असतात, त्याच आपल्याला हव्या आहेत. मऊ फडकं, एक चांगलं भिंग, मोबाइलचा टॉर्च आणि पांढरा खडू एवढं सामान पुरतं. खडू ठशावर हलक्या हाताने फिरवून वरचा भाग पुसला की खळग्यात राहिलेल्या पांढऱ्या पुडीने अक्षरं उठून दिसतात. टॉर्च समोरून मारायचा नाही, कडेने जवळजवळ आडवा धरायचा. समोरच्या उजेडात गुळगुळीत वाटणाऱ्या पट्टीवर आडव्या उजेडात पूर्ण ओळ वाचायला मिळाल्याचा अनुभव मी कितीतरी वेळा घेतला आहे.

आणि तिसरं. अनुक्रमांक खरवडलेला, कानशीने उडवलेला दिसला तर तिथेच थांबा. तो परत उठवायचा प्रयत्न करू नका, विकत तर मुळीच घेऊ नका. अमेरिकेत असं हत्यार बाळगणं हा संघीय कायद्याने गुन्हा आहे. भारतातही शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ८ ओळखचिन्ह नसलेल्या अग्निशस्त्राबद्दलच आहे. तो शोध पोलिसांच्या प्रयोगशाळेचा, आपला नव्हे.

नंबर: कुठला खरा, कुठला फसवा

उदाहरण म्हणून दुसऱ्या महायुद्धातलं ‘व्हिक्टरी मॉडेल’ घेऊ. अशी कापलेली-बदललेली रिव्हॉल्व्हरं सगळ्यात जास्त याच जातीची सापडतात. स्मिथ अँड वेसनच्या ‘मिलिटरी अँड पोलीस’ या जुन्या, सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरचं हे युद्धकाळातलं रूप. जुन्या क्रमांकांची मालिका दहा लाखांपर्यंत पोचल्यावर १९४२ मध्ये नव्याने आकडे सुरू झाले आणि त्यांच्याआधी ‘व्ही’ हे अक्षर आलं, व्हिक्टरीतलं व्ही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या देशांना मिळून ५,७०,००० हून अधिक रिव्हॉल्व्हरं गेली. त्यांचं काडतूस ब्रिटिश मापाचं, म्हणजे .३८/२००. अमेरिकेच्या स्वतःच्या नौदलाला आणि इतरांना मिळाली ती .३८ स्पेशल या लांब काडतुसाची.

अनुक्रमांक मुठीच्या बुडाला असतो, दोरी अडकवायच्या कडीशेजारी. तोच आकडा सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या सपाट भागावर आणि उजव्या बाजूच्या लाकडी मुठीच्या आतल्या अंगाला सापडायला हवा. चारही ठिकाणचे आकडे शेजारी शेजारी लिहून काढा. सिलिंडरचा आकडा वेगळा निघाला तर सिलिंडर दुसऱ्या रिव्हॉल्व्हरचं आहे. नळीखाली आकडाच नसेल तर नळी बदललेली असू शकते, किंवा घासलेली. मूठ वेगळी निघाली तर फारसं मनावर घेऊ नका. दुरुस्तीच्या टेबलावर लाकडं सर्रास इकडची तिकडे होत. युद्धकाळातली मूठ साध्या गुळगुळीत अक्रोडाची असते. जाळीदार, कंपनीचा बिल्ला जडवलेली मूठ दिसली तर ती नंतर बसवलेली आहे असं समजून चाला.

नवखी माणसं इथे दोन चुका हमखास करतात. सिलिंडर बाहेर काढल्यावर ज्या खाचेत त्याचा हात बसतो, तिथे एक आकडा दिसतो. चांगला ठळक असतो, म्हणून लोक तोच अनुक्रमांक मानतात. तो कारखान्यात भाग जुळवताना दिलेला खुणेचा आकडा, त्यावरून काहीच ठरत नाही. दुसरी चूक म्हणजे व्ही गाळणं. व्हीसकट आकडा वाचला तर रिव्हॉल्व्हर युद्धातलं, व्ही सोडून वाचला तर थेट विसाच्या दशकातलं ठरतं.

तिसरीही एक आहे. नळीच्या माथ्यावर पेटंटच्या तारखा असतात, त्यातली शेवटची १९१४ ची. ‘हे पहिल्या महायुद्धातलं आहे’ असं सांगणारे बहुतेक जण तीच तारीख वाचून सांगत असतात.

कारखान्यातून काय निघालं होतं

बदल ओळखायचा तर मूळ काय होतं ते आधी माहीत हवं. यासाठी स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडे अनुक्रमांक आणि फोटो पाठवून, फी भरून पत्र मागवता येतं. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या पाहून ते रिव्हॉल्व्हर कधी रवाना झालं, कुठे, कुठल्या मापाचं, किती लांब नळीचं, कसल्या झिलईचं, हे कळवतात. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरसाठी कोल्टच्या अभिलेख विभागाकडून असंच पत्र मिळतं. सैनिकाचं नाव मिळेल अशी आशा धरू नका. माल लष्करी डेपोकडे पेट्यांनी जायचा, आणि वही तिथेच संपते.

पत्र यायला वेळ लागतो, तोवर रिव्हॉल्व्हर स्वतःच बरंच सांगतं. माथ्याच्या पट्टीवर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ असं लिहिलेलं असेल तर ते लेन्ड-लीज या अमेरिकेच्या युद्धकाळातल्या मदत योजनेतून मित्रराष्ट्रांसाठी घेतलेलं आहे. ‘यू.एस. प्रॉपर्टी’ आणि शेजारी ‘जी.एच.डी.’ असेल तर ती गाय ड्रुरी या लष्करी तपासनीसाची आद्याक्षरं. ‘यू.एस. नेव्ही’ असेल तर सांगायलाच नको. व्हीच्या आधी ‘एस’ दिसला तर रिव्हॉल्व्हर युद्धाच्या अखेरचं आहे. जहाजाच्या डेकवर पडून गोळी सुटल्याने एका खलाशाचा जीव गेला, त्यानंतर घोडा अडवणारा नवा भाग आत बसवला गेला आणि त्याची खूण म्हणून तो एस आला.

ब्रिटिश मापाच्या व्हिक्टरीची नळी बहुतेक वेळा पाच इंची असते, अमेरिकी नौदलाची चार इंची. समोर दोन किंवा तीन इंच दिसले की पुढची पायरी.

नळी वाचणे

इथे मी सगळ्यात जास्त रमतो, म्हणून थोडं सविस्तर.

आधी तोंडाजवळची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, पाहा. मूळ माशी अर्धचंद्राच्या आकाराची, नळीच्याच पोलादातून घडवलेली असते, तिला सांधा नसतो. कापलेल्या नळीवर नवी माशी डाखाने किंवा पिनेने बसवावी लागते. भिंगातून तिच्या पायाशी बारीक रेघ दिसते, कधी डाखाची पिवळसर कड दिसते. मग नळीचं तोंड. कारखान्याची कड गोलसर आणि चहूकडून सारखी असते. हाताने कापलेल्या तोंडावर करवतीचे किंवा कानशीचे आडवे ओरखडे राहतात.

त्यानंतर अक्षरं. डाव्या बाजूला कंपनीचं नाव, उजव्या बाजूला काडतुसाचं माप, माथ्यावर पत्ता आणि पेटंटच्या तारखा. कारखान्याने लांबीच्या मानाने मजकूर बसवलेला असतो. कापल्यावर तो तोंडाकडे सरकल्यासारखा दिसतो किंवा मधेच तुटतो. माथ्यावरच्या ओळीतली शेवटची तारीख अर्धी कापली गेलेली असेल तर त्यापुढे वाद उरत नाही.

आणि शेवटी तो नळीखालचा उंचवटा, जो माझ्या रिव्हॉल्व्हरवर नव्हता. सिलिंडर मिटल्यावर झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ढकलून काढणाऱ्या दांडीचं पुढचं टोक त्या उंचवट्यात अडकतं, म्हणजे सिलिंडरला मागून आणि पुढून असा दोन्हीकडून आधार मिळतो. कारखान्याने दोन इंची नळीची रिव्हॉल्व्हरं खरोखर बनवली, पण त्यांच्यासाठी दांडीच आखूड केली आणि उंचवटा जागच्या जागी ठेवला. म्हणून दोन इंची नळीखाली लांब दांडी मोकळी लोंबताना दिसली, की ती नंतर कापलेली आहे. एवढी एक खूण मला गन शोच्या त्या टेबलाशी ठाऊक असती तर पैसे वाचले असते.

मुठीच्या बुडाची कडीही पाहून घ्या. नागरी गिऱ्हाइकाला दोरीची कडी नको असायची, म्हणून व्यापारी ती काढून भोक बुजवत. बुजवलेल्या जागेची गोल कड तिरक्या उजेडात लपत नाही.

सिलिंडर आणि काडतूस

ब्रिटिश .३८/२०० आणि अमेरिकी .३८ स्पेशल, नावं सारखी पण मापं वेगळी. पहिल्याची पुंगळी सुमारे १९.७ मिलिमीटर लांब आणि किंचित जाड. दुसरीची सुमारे २९.३ मिलिमीटर लांब आणि किंचित बारीक. मूळ ब्रिटिश सिलिंडरमध्ये स्पेशलची पुंगळी पूर्ण आत जात नाही, आतली पायरी तिला अडवते. युद्धानंतर अमेरिकेत ब्रिटिश काडतूस कमी चालायचं आणि स्पेशल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं. म्हणून व्यापाऱ्यांनी हजारो सिलिंडरांची ही घरं आतून वाढवून लांब केली.

वाढवलं तरी मागचा भाग मुळातच जाड काडतुसाचा होता, तो काही बारीक होत नाही. त्यामुळे अशा घरात झाडलेली स्पेशलची पुंगळी बुडाशी फुगते, कधी उभी चिरते. मी वर झाडू नका म्हणालो ते यासाठी. माग काढणाऱ्याला मात्र घराच्या आत टॉर्च मारला की दोन वेगळे व्यास दिसतात, मागे रुंद, पुढे अरुंद, आणि नवा कापलेला भाग जुन्यापेक्षा वेगळा चमकतो. नळीवर ‘.३८ एस अँड डब्ल्यू’ (आखूड काडतुसाचं अमेरिकी नाव) लिहिलंय आणि सिलिंडर मात्र लांब काडतूस घेतंय, अशी विसंगती दिसली की तुमच्या समोर व्यापाऱ्याचा हात आहे, किंवा मिस्त्रीचा. दोघांतला कोणता, ते प्रूफचे ठसे सांगतात.

ठशांचा क्रम

आधी सरकारी ठसे. ब्रिटिश साम्राज्यात सरकारी मालमत्तेची खूण म्हणजे रुंद बाण. त्याच्याभोवती ‘सी’ असेल तर कॅनडा, ‘यू’ असेल तर दक्षिण आफ्रिका, खाली ‘आय’ असेल तर भारत. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले असतील तर माल सरकारने अधिकृतपणे विकून टाकला, ही बाद केल्याची खूण. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्यात पन्नाशीच्या दशकात दुरुस्त झालेल्या व्हिक्टरींवर ‘एफटीआर’, वर्षाचे दोन आकडे आणि ‘एमए’ असं दिसतं. एफटीआर म्हणजे कारखान्यात केलेली संपूर्ण दुरुस्ती. अशा रिव्हॉल्व्हरची झिलई मूळची नाही म्हणून नाक मुरडू नका. ती झिलईच त्या रिव्हॉल्व्हरचा लिथगोतला मुक्काम आहे. युद्धानंतर काही व्हिक्टरी जर्मनीच्या पोलिसांकडेही गेल्या. ‘बव्हेरिया रूरल पोलीस’ असं कोरलेलं पाहिलं तर दचकू नका.

ब्रिटिशांच्या स्वतःच्या रिव्हॉल्व्हरवर सरकारी बदलाची खूण तारा असते. एनफिल्ड नंबर २ मार्क १ हे १९३२ चं. १९३८ मध्ये त्याच्या घोड्याचा अंगठ्याने ओढायचा कान काढून टाकला आणि नावापुढे तारा आला. आधीची अनेक रिव्हॉल्व्हरं दुरुस्तीला आली तेव्हा त्यांचेही घोडे बदलले आणि तारा मागाहून ठोकला. हा मागाहून ठोकलेला तारा शेजारच्या अक्षरांशी जुळत नाही. उंची वेगळी, खोली वेगळी, कधी थोडा तिरका. पाच मिनिटं नुसतं त्या ताऱ्याकडे पाहत बसलात तरी वेळ वाया गेला असं समजू नका. एका वस्तूवर दोन वेगवेगळ्या वर्षांचे हात एका ओळीत दिसण्याची ही फार सुंदर जागा आहे.

मग प्रूफ. ब्रिटनमध्ये हत्यार बाजारात विकायचं तर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाचं काडतूस झाडून तपासावं लागे. म्हणून लष्करातून बाहेर पडण्याचा क्षण प्रूफच्या ठशांत पकडता येतो. मुकुटाखाली ‘बीएनपी’ म्हणजे बर्मिंगहॅम आणि १९५४ चे नियम लागू झाल्यानंतरचं काम. ‘नॉट इंग्लिश मेक’ ही अक्षरं परदेशी हत्यारांवर १९२५ ते १९५५ च्या दरम्यान ठोकली जात. तलवार धरलेला हात आणि खाली ‘एनपी’ असेल तर लंडन. बर्मिंगहॅमच्या ठशांत कधी एकमेकांना छेदणारे दोन परशू आणि भोवती बारीक अक्षरं दिसतात, ती तपासणीचं वर्ष सांगणारी सांकेतिक खूण. ब्रिटनमध्येच बदल करणाऱ्या नामांकित बंदूकविक्रेत्यांमध्ये कॉग्सवेल अँड हॅरिसन आणि पार्कर-हेल ही नावं नळीवर वाचायला मिळतात.

प्रूफच्या ठशात काडतुसाची पुंगळी किती लांब आणि दाब किती हेही असतं. ‘.३८ .७६७ ३½ टन’ असं दिसलं तर त्या दिवशी हे रिव्हॉल्व्हर आखूड ब्रिटिश काडतुसाचं होतं. .७६७ ही इंचातली लांबी. आता सिलिंडर लांब काडतूस घेत असेल तर घरं वाढवण्याचं काम प्रूफनंतरचं, म्हणजे बहुतेक समुद्रापलीकडचं. एका ओळीच्या ठशावरून बदलाचा क्रम लागतो तो असा.

मुलाम्याचंही तेच तत्त्व. निकेलखाली गेलेल्या ठशाच्या कडा भरून आलेल्या, मऊ दिसतात. निकेलनंतर ठोकलेल्या ठशाच्या कडा धारदार असतात आणि तळाशी उघडं पोलाद दिसतं.

अमेरिकेत आयात झालेल्या हत्यारावर आयातदाराचं नाव-गाव आहे का पाहा. १९६८ च्या कायद्यानंतर ते उमटवणं आलं. ब्रिटिश प्रूफ आहे पण आयातदाराचं नाव कुठेच नाही, असं असेल तर ते बहुधा १९६८ च्या आधीच्या स्वस्त पोस्टल विक्रीच्या काळात आलेलं आहे.

पूर्ण माग लागलेलं एक रिव्हॉल्व्हर

या सगळ्या पायऱ्या एका हत्याराच्या बाबतीत अगदी शेवटपर्यंत चढल्या गेल्या, कारण त्यामागे अख्खं सरकार लागलं होतं. अनुक्रमांक व्ही ५१०२१०. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि त्याच दिवशी ली हार्वी ऑस्वाल्डला पकडलं तेव्हा त्याच्याकडे हे रिव्हॉल्व्हर होतं. पोलीस अधिकारी जे. डी. टिपिट यांचा जीव याच हत्याराने गेला, असा केनेडी हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाचा निष्कर्ष आहे.

आयोगाच्या अहवालात या रिव्हॉल्व्हरचा प्रवास नोंदलेला आहे. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात ब्रिटिश मापाचं व्हिक्टरी म्हणून जन्म. तिथून इंग्लंड. तिथे बाद होऊन विक्री. मग कॅनडातल्या माँट्रिअलच्या घाऊक व्यापाऱ्यामार्फत लॉस एंजेलिसची सीपोर्ट ट्रेडर्स, पोस्टाने हत्यारं विकणारी कंपनी. पाच इंची नळी सव्वादोन इंचांवर आणली गेली, नवी माशी बसली, सिलिंडरची घरं .३८ स्पेशलसाठी वाढवली गेली. मार्च १९६३ मध्ये ए. जे. हिडेल या खोट्या नावाने, २९ डॉलर ९५ सेंटना ते पोस्टाच्या ऑर्डरवर रवाना झालं.

खटकणारी गोष्ट पुढे आहे. जागेवर सापडलेल्या चारही पुंगळ्या तज्ज्ञांना या रिव्हॉल्व्हरशी जुळवता आल्या. पण एफबीआयच्या तज्ज्ञांना शरीरातून काढलेल्या गोळ्या याच नळीतून गेल्या असं ठामपणे सांगता आलं नाही. सिलिंडर वाढवलं होतं, नळी मात्र जुन्या मापाची राहिली होती. स्पेशलची गोळी त्या नळीला किंचित सैल, म्हणून ती डगमगत गेली आणि प्रत्येक गोळीवर वेगळे ओरखडे उमटले. कुण्या व्यापाऱ्याने माल खपावा म्हणून केलेला बदल देशाच्या सगळ्यात मोठ्या चौकशीत साक्षीदार म्हणून उभा राहिला, तोही अर्धीच साक्ष देणारा. बदलाचा अभ्यास का करायचा असं मला कुणी विचारलं की मी हेच रिव्हॉल्व्हर सांगतो.

वेब्लीबद्दल थोडक्यात

.४५५ मापाचं वेब्ली मार्क ६ हे ब्रिटिश सैन्याचं रिव्हॉल्व्हर १९१५ चं, मोडून उघडणारं, भारतीय सैन्यालाही परिचित. अमेरिकेत आलेल्या बहुतेक मार्क ६ च्या सिलिंडरचा मागचा भाग थोडा तासलेला असतो, म्हणजे .४५ एसीपी ही पिस्तुलाची काडतुसं अर्धचंद्री क्लिपमध्ये लावून वापरता यावीत. ओळखायला सोपं. सिलिंडर आणि मागची भिंत यांच्यात मूळपेक्षा मोठी फट दिसते आणि तासलेली कड धारदार लागते. एसीपीचा दाब त्या जुन्या पोलादाच्या प्रूफच्या दाबाच्या आसपास जातो, म्हणून हेही झाडायचं नाही. डाव्या बाजूला ‘वेब्ली मार्क ६ पेटंट्स’ आणि वर्ष असतं. वर्ष वाचा, तारे मोजा, बाकी वरच्याच पायऱ्या.

घरी, ट्रंकेत सापडलं तर

मागच्या वर्षी साताऱ्याहून आत्येभावाचा फोन आला. “दादा, आईच्या माहेरच्या वाड्यातल्या ट्रंकेत आजोबांचं रिव्हॉल्व्हर निघालं. सुभेदार होते ना ते. बाण आहे आणि खाली आडव्या टोप्यांचा एक उभा दांडा.” तो दांडा म्हणजे इंग्रजी आय, भारताची खूण. मला त्याक्षणी दहा प्रश्न विचारायचे होते. पण पहिलं वाक्य हेच बोललो, “फोटो कुठे टाकू नकोस, साफसूफ करू नकोस, उद्या सकाळी वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात जा.”

भारतात लष्करी मापाची बरीच हत्यारं ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये, म्हणजे मनाई असलेल्या मापांत, मोडतात आणि त्यांना केंद्र सरकारची परवानगी लागते. ताबा कायदेशीर राहिला नाही तर हत्यार जमा करण्याची तरतूद शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे, आणि वारसांसाठी तीच वाट. नळी आखूड करायला कलम ६ प्रमाणे परवाना लागतो. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट हत्याराला कलम ४५ मध्ये सूट आहे, पण तुमचं हत्यार त्यात बसतं का हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. जमा करताना मात्र पावतीवर सगळे ठसे आणि आकडे जसेच्या तसे लिहून घ्या. भावाने ते केलं. आजोबांच्या रिव्हॉल्व्हरची नोंद म्हणून आज घरात तेवढा एक कागद आहे, आणि माझा त्याच्यावर अभ्यास चालू आहे. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना बहुधा निकामी केलेलीच हत्यारं पाहायला मिळतील. त्यांतल्या जुन्यांवर प्रूफ हाउसची ‘डीए’ (निकामी केल्याची) खूण आणि वर्ष असतं, तो या वंशावळीतला शेवटचा हात.

वही कशी ठेवायची

पानाचे दोन भाग करा. डावीकडे फक्त दिसलेलं लिहा, उजवीकडे त्यावरून काढलेला अंदाज. ‘मुकुट, बीएनपी’ डावीकडे. ‘१९५४ नंतर ब्रिटनमध्ये विक्री’ उजवीकडे. विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट तिसरीकडे, वेगळ्या शाईत. तिला पुरावा मिळाला तरच ती डावीकडे येते.

माझ्या त्या पहिल्या रिव्हॉल्व्हरचं पान सांगतो. डावीकडे: बुडाला व्ही, बुजवलेली कडी. माथ्यावर ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’. नळीच्या बाजूला ‘.३८ .७६७ ३½’, त्यापुढचा ‘टन’ नळीच्या तोंडाशी कापला गेलेला. मुकुट आणि बीएनपी, दोन्ही निकेलखाली. सिलिंडरची घरं वाढवलेली. आयातदाराचं नाव नाही. उजवीकडे: लेन्ड-लीजमधून ब्रिटन, १९५४ नंतर बर्मिंगहॅमचं प्रूफ, त्यानंतर नळी कापली, घरं वाढवली आणि निकेल चढवलं, १९६८ च्या आधी अमेरिकेत. तिसऱ्या शाईत: ‘कारखान्यातून असंच आलंय.’ १९५४ नंतरच्या पंधरा वर्षांच्या आत एवढे सगळे हात लागले, आणि त्यातल्या नळी कापणाऱ्या माणसाचा शोध मी अजून घेतोय. त्याची कानस डावीकडून उजवीकडे जरा खोल जाते, एवढंच सध्या डाव्या रकान्यात आहे.